लागलेल्याच जागी पुन्हा का लागतं?

पायाच्या बोटाला ठेच लागली की पुढचे चार दिवस नेमकं तेच बोट खुर्चीच्या पायावर आपटतं, दाराच्या कडेला घासतं, आणि गर्दीत कुणाचा पाय पडायचाच असेल तर त्याच्यावरच पडतो. 'लागलेल्याच जागी पुन्हा लागतं' असं म्हणून आपण नशिबाला बोल लावतो. खरं तर ते बोट एरवीही दिवसातून कितीतरी वेळा कशाला ना कशाला लागतच असतं. एरवी त्याची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही, ठेच लागल्यावर जाते, इतकाच फरक.

पण हा 'इतकाच फरक' घडवून आणायला शरीर केवढी खटपट करतं! आपली साधी समजूत अशी की जितकी इजा तितकं दुखणं, तापमापकातला पारा चढावा तसं. दुखणं इतकं सरळ नसतं. इजा ओळखणाऱ्या चेतातंतूंच्या टोकाशी एक उंबरठा असतो. त्या उंचीपर्यंत न पोचणारा दाब किंवा ऊब त्यांना जागं करत नाही. ऊतींमध्ये तिथल्या तिथे तयार होणारी काही रसायनं हा उंबरठा खाली आणतात. मग मोजा चढवताना दुखतं, अंगावरची चादर बोटाला टेकली तरी दुखतं. इजा तेवढीच असते, उंबरठा मात्र बसका झालेला असतो.

मराठीत दुखण्यासाठी शब्दांचा तोटा नाही. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, आग होते, चुरचुरतं, ठसठसतं, सलतं. यातल्या दोघांना तर शरीरशास्त्रात आपापले स्वतंत्र तंतू आहेत. ठेच लागल्या क्षणी जाते ती कळ. ती नेतात ए-डेल्टा नावाचे तंतू, ज्यांच्यावर चरबीयुक्त पातळ आवरण असतं, सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने. तिच्या मागून येतो तो ठणका. तो येतो सी-तंतूंवरून. हे बारीक, उघडे तंतू, त्यांचा वेग सेकंदाला २ मीटरहूनही कमी. पायाच्या बोटापासून मेरुरज्जूपर्यंत अंतर मीटरभर, म्हणून दोघांच्या येण्यात सेकंदभराची फट पडते. त्या फटीत आपल्याला पुरतं कळलेलं असतं की आता खरं दुखणार आहे. पुढची गोष्ट बरीचशी या सावकाश चालणाऱ्या सी-तंतूंची आहे, कारण रसायनांचं सर्वांत जास्त ऐकणारे तेच.

फुटलेल्या पेशी आणि एक विषारी साप

इजा झाली हे तंतूला कळतं कसं? सर्वांत साधी खूण म्हणजे आतलं बाहेर येणं. एटीपी हे पेशीचं इंधन. पेशीच्या आत ते भरपूर असतं, बाहेर जवळपास नसतंच. त्यामुळे बाहेर एटीपी दिसलं, याचा अर्थ जवळपास कुठली तरी पेशी फुटली. तंतूंच्या टोकावर खास एटीपी ओळखणारी ग्राही प्रथिनं असतात. पेशीतलं पोटॅशियमही सांडतं. रक्तपुरवठा तुटलेल्या, सुजलेल्या भागात आम्लता वाढते, तीही तंतूला टोचते. ऊतींमध्ये पहारा देणाऱ्या मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात, रक्त गोठवायला धावलेल्या बिंबिका सेरोटोनिन सोडतात. हा सगळा सांडलवंडीचा प्रकार झाला.

यानंतर येतं ते ब्रॅडिकायनिन, आणि त्याचा शोध सापाच्या विषातून लागला. १९४९मध्ये ब्राझीलमध्ये मॉरिसियो रोशा ई सिल्वा आणि त्यांचे सहकारी जराराका या तिथल्या विषारी सापाचं विष अभ्यासत होते. विष रक्तद्रवात मिसळलं की त्यात असं काहीतरी तयार व्हायचं, ज्याने गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा सावकाश आकसायचा. ग्रीक भाषेत 'ब्रॅडी' म्हणजे सावकाश, म्हणून हे नाव. विशेष म्हणजे हा पदार्थ विषात नव्हता. तो रक्तातच दडलेला होता, विषाने त्याला फक्त मोकळं केलं. रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनाच्या साखळीतून ९ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा कापला गेला की ब्रॅडिकायनिन तयार. साप चावला नाही तरी साध्या जखमेत हीच कापाकापी शरीरातली विकरं (एन्झाइम) करतात.

ब्रॅडिकायनिन स्वतः झोंबतं, आणि चांगलंच झोंबतं. शिवाय रक्तवाहिन्या सैल करतं, त्यांतून पाणी झिरपू देतं, म्हणून सूज येते. आयुष्य मात्र त्याचं क्षणभंगुर, रक्तात काही सेकंदच. त्याला तोडणारं एक विकर रक्तदाब वाढवण्याच्या कामातही असतं. त्या विकराला अडवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या काही लोकांना कोरडा खोकला लागतो, त्यामागे न तुटता साचलेलं ब्रॅडिकायनिन असल्याचं मानलं जातं. त्या औषधांच्या जन्मकथेतही पुन्हा जराराकाच आहे. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिनला जास्त वेळ टिकवणारा घटक सापडला, तो सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन संशोधकाला, १९६०च्या दशकात. हे नाव लक्षात ठेवा, थोडं पुढे परत येतंय.

स्वतः न दुखवणारं रसायन

या सगळ्या मंडळींत माझ्या मते सर्वांत नवलाचं प्रकरण प्रोस्टाग्लँडिनचं आहे. पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. इजा झाली की ते सुटं होतं आणि कॉक्स नावाचं विकर त्याचं रूपांतर प्रोस्टाग्लँडिनमध्ये करतं. १९७१मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन हे रूपांतरच रोखतं. ॲस्पिरिन बाजारात आलं होतं १८९९मध्ये. म्हणजे सत्तरेक वर्षं जग ही गोळी घेत होतं आणि ती नेमकी करते काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या कामासाठी व्हेन यांना १९८२चं नोबेल मिळालं, सुने बर्गस्ट्रोम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासोबत.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. प्रोस्टाग्लँडिन जर दुखण्याचं मूळ, तर ते टोचल्यावर दुखायला हवं. सुजेत सापडतं तेवढ्या मात्रेत ते फारसं दुखत नाही. व्हेन यांच्यासोबत काम केलेल्या फेरेरा यांनी १९७२मध्ये याचा उलगडा केला. त्यांनी माणसांच्या त्वचेत अगदी थोडं प्रोस्टाग्लँडिन हळूहळू सोडलं. दुखलं नाही, पण ती जागा हळवी झाली. त्यानंतर तिथे ब्रॅडिकायनिन किंवा हिस्टामीन सोडलं, तेव्हा एरवीपेक्षा कितीतरी जास्त दुखलं. प्रोस्टाग्लँडिन बोंब मारत नाही, ते तंतूला हलक्या कानाचं बनवतं. मग दुसरं कुणी कुजबुजलं तरी तंतूला ती बोंब वाटते.

हे घडतं तंतूच्या आतल्या बाजूने. प्रोस्टाग्लँडिन बाहेरच्या ग्राही प्रथिनाला चिकटलं की आत एक साखळी सुरू होते आणि तिच्या टोकाशी असलेलं विकर तंतूच्या पडद्यातल्या दारांवर फॉस्फेटचा छोटासा गट लावतं. ही दारं म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या, ज्या उघडल्या की तंतूतून विद्युत संदेश धावतो. फॉस्फेट लागलेलं दार कमी धक्क्यात उघडतं. आपला उंबरठा खाली येतो तो असा. बिजागरीला तेल घातल्यावर दार वाऱ्यानेही उघडावं, त्यातलाच प्रकार.

यातल्या एका दाराची ओळख आपल्या जिभेला चांगलीच आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या दाराला उघडतं ते टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७मध्ये ते शोधलं आणि लक्षात आलं की हे दार उष्णतेनेही उघडतं, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे. म्हणजे 'तिखटाने तोंड भाजलं' हा नुसता वाक्प्रचार नाही. मेंदूला जाणारा निरोप खरोखर भाजल्याचाच असतो, भाजलेलं मात्र काहीच नसतं. पक्ष्यांच्या शरीरातल्या याच दाराला कॅप्सेसिन उघडू शकत नाही, म्हणून ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया लांबवर नेऊन टाकतात. २०२१चं नोबेल ज्युलियस यांना मिळालं, दाब ओळखणारी दारं शोधणारे आर्देम पटापुटियन यांच्यासोबत.

आता ही दोन टोकं जोडून पाहा. उन्हाने कातडी भाजली की तिथे प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन जमतं, आम्लताही वाढते. या सगळ्यांच्या दबावाखाली टीआरपीव्ही-१चा ४३ अंशांचा उंबरठा घसरतो आणि थेट शरीराच्या तापमानाजवळ येऊ शकतो. शरीराचं तापमान तर चोवीस तास ३७च्या आसपास असतंच. म्हणजे भाजलेल्या कातडीला स्वतःच्याच रक्ताची ऊब चटका वाटते. कुणी हात न लावता जी आग होत राहते ती इथून येते. कोमट पाण्याची आंघोळ उकळत्या पाण्यासारखी का लागते आणि गार पाण्याची घडी ठेवली की बरं का वाटतं, याचंही उत्तर हेच.

गोळी नेमकं काय करते

'वेदनाशामक' हा शब्द थोडा फसवा आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुखण्याचा निरोप अडवत नाहीत. त्या प्रोस्टाग्लँडिनची नवी निर्मिती थांबवतात, आणि खाली आलेला उंबरठा हळूहळू मूळ जागी जातो. त्यापलीकडे नाही. म्हणून ही गोळी घेतलेल्या माणसाला सुई टोचली तर सुई टोचल्यासारखंच दुखतं. सुजलेला गुडघा मात्र हलका होतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. आधीच तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन या गोळ्या नष्ट करत नाहीत, फक्त पुढचा पुरवठा बंद करतात. पाळीच्या वेदनांमध्ये गर्भाशयाचं अस्तर सुटतं तेव्हा प्रोस्टाग्लँडिन मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतं, त्याने गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि तिथले तंतू हळवेही होतात. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ अशी गोळी दुखणं शिगेला पोचण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच घ्यायला सांगतात. 'शक्यतो सहन करते, अगदीच असह्य झालं तर घेते' हा सोशिकपणा रसायनशास्त्राच्या हिशेबात बसत नाही.

दुसरी बाजूही आहेच. प्रोस्टाग्लँडिन फक्त जखमेत नसतं. जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण तेच करतं, मूत्रपिंडाचा रक्तप्रवाहही सांभाळतं. कॉक्स विकर सगळीकडे बंद केलं की तिथलंही काम बंद. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात ते त्यामुळे. कॉक्सचा मुख्यतः सुजेत वाढणारा प्रकार, म्हणजे कॉक्स-२, तेवढाच अडवणारी औषधं काढून यातून सुटका होईल असं वाटलं होतं, पण त्यांतलं रोफेकॉक्सिब हे गाजलेलं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं.

याच्या अगदी उलट काम भूल देणाऱ्या इंजेक्शनचं. लिडोकेन उंबरठ्याच्या भानगडीत पडत नाही, ते सोडियमची दारंच बंद करतं. मग ना सुईचं दुखतं, ना सुजेचं. पण पू झालेल्या दाताजवळ ही भूल अनेकदा नीट चढत नाही. दातांचे डॉक्टर आधी प्रतिजैविक देऊन थांबायला सांगतात त्यामागचं हे एक कारण. तंतूच्या आत शिरायला लिडोकेनच्या रेणूवर विद्युतभार असून चालत नाही. आम्लयुक्त ऊतीत बहुतेक रेणूंवर भार चढतो आणि ते बाहेरच अडकतात. म्हणजे सूज दुखणं वाढवते, वर दुखणं थांबवणाऱ्यालाही दाराबाहेर ठेवते.

तंतू उलट बोलतात

इथपर्यंत तंतू फक्त ऐकून घेताहेत असं वाटलं असेल. तसं नाही. हाताच्या आतल्या बाजूला नखाने जरा जोरात रेघ ओढून पाहा. आधी लाल रेघ उठते. मग रेघेच्या आजूबाजूला, जिथे नख लागलंच नव्हतं तिथेही लाली पसरते. मग रेघ फुगते. थॉमस लुईस या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. मधली, पसरणारी लाली तंतूंमुळे येते. निरोप एका फांदीवरून वर जाताना दुसऱ्या फांदीवरून उलटा कातडीकडेही येतो, आणि तिथल्या टोकांतून सबस्टन्स पी व सीजीआरपी नावाची दोन रसायनं बाहेर पडतात. ती रक्तवाहिन्या रुंदावतात, मास्ट पेशींना डिवचतात, मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात, हिस्टामीन पुन्हा तंतूला डिवचतं. आगीत तेल ओतायला बाहेरचं कुणी लागतच नाही.

सबस्टन्स पी १९३१मध्ये सापडलं. त्यातला 'पी' वेदनेच्या इंग्रजी शब्दाचा असावा असं पुष्कळांना वाटतं. तो आला पावडरीवरून, कारण शोधणाऱ्यांच्या हातात त्याची पूड होती. नावाने सगळ्यांनाच चकवलं म्हणा ना. सबस्टन्स पीचं ग्राही प्रथिन अडवणारी औषधं वेदनाशामक म्हणून माणसांवर सपशेल अपयशी ठरली. त्यांतलं एक आज केमोथेरपीनंतरच्या उलट्या थांबवायला वापरतात. सीजीआरपीची गोष्ट वेगळी झाली. अर्धशिशीत त्याचा मोठा हात असतो, आणि त्याला किंवा त्याच्या ग्राही प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडं २०१८पासून वापरात आली आहेत.

आफ्रिकेत जमिनीखाली वसाहती करून राहणारा, जवळपास केस नसलेला मोल-रॅट नावाचा एक उंदरासारखा प्राणी आहे. त्याच्या कातडीतल्या सी-तंतूंमध्ये ही दोन्ही रसायनं नसतात. त्याला आम्ल झोंबत नाही, कॅप्सेसिननेही तो पाय चाटत बसत नाही. कोंदट बिळांत सगळ्यांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याने ऊतींत आम्लता वाढते. आम्ल झोंबणाऱ्या प्राण्याला तिथे राहणं कठीण गेलं असतं.

ब्रेकही इथेच

सुजेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी फक्त दुखणं वाढवायला येत नाहीत. त्यांच्याकडे एंडॉर्फिनसारखी अफूच्या जातकुळीतली रसायनंही असतात. शरीर स्वतः अशी रसायनं बनवतं, हे १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन शोधून दाखवलं. त्यांची ग्राही प्रथिनं मेंदूत असतात, तशी तंतूंच्या टोकांवरही असतात आणि सूज आली की तिथे वाढतात. १९९१मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यातच मॉर्फिनची अगदी छोटी मात्रा सोडून पाहिली गेली. दुखणं कमी झालं. सोबत मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन सोडल्यावर तो गुण गेला. म्हणजे काम मेंदूत नाही, गुडघ्यातच झालं होतं.

आठवडे चालणारी रसायनं

आतापर्यंतची मंडळी सेकंद ते तासांच्या हिशेबात काम करणारी. चेतावर्धक घटक, म्हणजे एनजीएफ, दिवस आणि आठवड्यांच्या हिशेबात चालतो. तो रीटा लेव्ही-मोंटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी शोधला, त्यासाठी १९८६चं नोबेल मिळालं. गर्भावस्थेत हेच रसायन वेदनेच्या तंतूंना वाढवतं, जगवतं. मोठेपणी सुजलेल्या ऊतीत ते पुन्हा तयार होतं. तंतूचं टोक त्याला आत घेतं आणि तंतूच्या आतूनच पार मेरुरज्जूशेजारी, तो तंतू जिच्यातून निघतो त्या चेतापेशीपर्यंत नेतं. तिथे जनुकांचं काम बदलतं. टीआरपीव्ही-१ची आणखी दारं बनतात, सबस्टन्स पी आणि सीजीआरपी जास्त बनतं, आणि हा नवा माल परत टोकाकडे रवाना होतो. प्रोस्टाग्लँडिनने बिजागरीला तेल घातलं होतं, एनजीएफ भिंतीत नवी दारं बसवतं. सांधेदुखी जुनी झाली की गोळीचा गुण पूर्वीसारखा का येत नाही, याचा काही भाग इथे आहे.

काही भाग मेरुरज्जूत आहे. सतत येणाऱ्या निरोपांनी तिथल्या चेतापेशीही हळव्या होतात, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३मध्ये दाखवलं. जखमेभोवतीची धडधाकट कातडीही दुखरी होते ती त्यामुळे. त्या कातडीत काहीच बिघडलेलं नसतं, तिची बातमी वाचणारा बदललेला असतो.

मग एनजीएफच अडवलं तर? ज्यांच्या शरीरात त्याचं ग्राही प्रथिन जन्मापासूनच बिघडलेलं असतं, त्यांना वेदना कळतच नाहीत. ऐकायला सुख वाटेल. प्रत्यक्षात अशी मुलं स्वतःची जीभ आणि बोटं चावून जखमी करतात, मोडलेल्या हाडावर चालत राहतात. मोठ्या माणसांच्या झिजलेल्या गुडघ्यांसाठी एनजीएफ पकडून ठेवणारं टॅनेझुमॅब नावाचं प्रतिपिंड तयार झालं. चाचण्यांमध्ये दुखणं खरोखर कमी झालं. पण काही जणांचे सांधे झपाट्याने ढासळले, कधी कधी तर ज्या सांध्यासाठी औषध घेतलं नव्हतं तोसुद्धा. एक तर्क असा की उंबरठा वर गेल्यावर ही माणसं त्या सांध्यांवर बिनधास्त भार टाकू लागली. मार्च २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीत मतदान झालं, तेव्हा त्या औषधाच्या बाजूने एकच मत पडलं.